दर दोन तासांनी

१

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी चव नोंदवही लिहीत होतो. शाळेतली खिचडी मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकानं चाखायची आणि कशी झाली ते वहीत लिहायचं, असा नियम आहे. मी आठवड्याच्या नोंदी एकाच बैठकीत करतो. 'चव चांगली', 'चव उत्तम', 'मीठ योग्य'. ओळी फार सारख्या दिसू नयेत म्हणून एखाद्या वारी 'किंचित तिखट' लिहितो आणि पेन बदलतो. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं येतंच. मी शुक्रवारची खिचडी चाखत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

फोन उमाशंकरचा होता. येरमाळ्याच्या पुढं हायवेला लागून जे वृद्धनिवास आहे, त्याचा तो व्यवस्थापक. माझी आई ऑगस्टपासून तिथं होती. त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. आई पहाटे गेल्या, म्हणाला. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. सहा वाजता कूस बदलायला बाई गेली तेव्हा कळलं. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. सहाला कळलं, तर फोन साडेदहाला कसा, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

मी पेनाला टोपण लावलं. स्वयंपाकाच्या मावशी वाटीत खिचडी घेऊन दारात उभ्या होत्या. चाखायला म्हणून आणली होती. मी त्यांना म्हणालो, वाढा.

२

आईला आम्ही तेरला नेलं. तिथं आमचं दोन एकर रान आहे आणि वडिलांनाही तिथंच जाळलं होतं. घरच्या बायकांनी तिला अंघोळ घातली. थोड्या वेळानं माझी बायको प्रीती बाहेर आली. तिनं मला गोठ्याच्या भिंतीपाशी बोलावलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की आईंच्या कंबरेखाली माझी मूठ जाईल एवढी जखम आहे. आत हाड दिसतंय. दोन्ही टाचा काळ्या पडल्यात. जखमेचा वास लपावा म्हणून लावलेल्या अगरबत्तीचा वास अजून येत होता, असंही म्हणाली.

"दर दोन तासांनी वळवत होते ना?" असं तिनं विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही.

आई ऑगस्टमध्ये न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. ती आता झोपूनच राहणार, पण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठ सडेल, हे त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. मी लोहाऱ्याच्या शाळेत, प्रीती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, दिवसभर तालुक्यात फिरती. दोन-दोन तासांनी कोण वळवणार? म्हणून ती जागा बघितली. उमाशंकरनं पहिल्याच दिवशी खाटेच्या पायथ्याशी सुतळीनं टांगलेला तक्ता दाखवला. वेळ, डावी कूस, उजवी कूस, उताणी, सही. दिवसाच्या बारा ओळी, सकाळी सहापासून. मला तो तक्ता फार आवडला होता.

त्रिशरण-पंचशील झालं, माणसं पांगली. तिसऱ्या दिवशी प्रीतीनं विषय काढला. तो तक्ता आणा, म्हणाली. त्यात खोटं लिहिलंय आणि आईंच्या पाठीचा फोटो माझ्याकडं आहे. दोन्ही जोडून जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार देता येईल. मी म्हणालो, आता आई तर गेली. त्यावर प्रीती म्हणाली,

"आई गेल्या. शेजारच्या खाटेवरच्या कडूबाई अजून तिथंच आहेत."

३

शनिवारी मी रजा टाकून निघालो. धाराशिवला गाडी बदलली, येरमाळ्याला उतरलो, पुढं शेअर जीपनं.

ती इमारत पूर्वी मंगल कार्यालय होती. मोठ्या हॉलमध्ये स्टेज तसंच आहे, त्यावर औषधांची कपाटं आणि गाद्यांची चळत. हॉलमध्ये पुरुषांच्या खाटा. आतल्या दोन खोल्यांच्या दारांवर लाल रंगातली अक्षरं कुणी पुसलेली नाहीत. आईची खोली 'वधूपक्ष'. पहिल्या दिवशी आई हे वाचून हसली होती. साक्षरतेच्या वर्गात शिकल्यापासून ती दिसेल ते वाचायची.

उमाशंकरनं खुर्ची दिली, चहा मागवला, आईबद्दल चार चांगले शब्द बोलला. मग एक छापील कागद पुढं सरकवला. आमच्या रुग्णाची वेळोवेळी योग्य काळजी घेण्यात आली, आमची कोणतीही तक्रार नाही. खाली नातेवाइकाची सही. मी म्हणालो, आधी आईचं सामान बघतो. तो म्हणाला, "सावकाश सर. तुमच्यासारखी शिकलेली माणसं समजून घेतात, म्हणून तर आमचं काम चालतं."

तो हे उगाच म्हणाला नाही. आमच्या दोघांत एक गोष्ट झाली होती आणि ती आम्हा दोघांनाही आठवत होती.

मी महिन्यातून एका रविवारी यायचो. ऑक्टोबरातल्या भेटीत, सकाळी अकराला, मी सहज तक्ता हातात घेतला तर संध्याकाळी सहापर्यंतच्या खुणा झालेल्या होत्या. डावी, उजवी, उताणी, पुन्हा डावी. एकाच निळ्या पेनानं, एकाच तिरकसपणानं. एका बैठकीत भरलेली वही मला लांबून ओळखू येते. मी वर बघितलं. उमाशंकर दारात उभा होता आणि मी काय बघितलं ते त्यानं बघितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला. आणि मी, का कुणास ठाऊक, हसलो. म्हणालो, आमच्याकडंही असंच असतं. मग तोही हसला. त्यानं माझ्यासाठी बिस्किटं मागवली.

त्या दिवशी आई म्हणाली होती, "भाऊ, मला जरा कुशीवर कर."

मी म्हणालो, आत्ताच केलंय आई. इथं लिहिलंय.

ती तक्त्याकडं बघत राहिली. पुन्हा म्हणाली नाही.

४

'वधूपक्ष'मध्ये सहा खाटा. दोन रिकाम्या, तीनवर बायका, सहावी आईची, खिडकीपाशी. ती अजून कुणाला दिली नव्हती. शेजारच्या खाटेवर कडूबाई, उताण्या, डोळे उघडे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना उजेड तेवढा कळतो. पलीकडच्या दोघी भिंतीकडं मान वळवून झोपल्या होत्या.

आईचं सामान थोडंच होतं. दोन लुगडी, चष्मा, स्टीलचा पेला. ते पिशवीत भरलं आणि मी पायथ्याचा तक्ता सोडला.

आठवडा सोमवारपासून सुरू होत होता. सोमवारी बारा खुणा. मंगळवारी सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत सगळ्या. म्हणजे तेरमध्ये आम्ही तिला पेटवलं त्या वेळी ती इथं उजव्या कुशीवर होती. मला राग यायला हवा होता. मला आधी बरं वाटलं. प्रीतीला पाहिजे होतं ते हेच.

तक्ता घडी करण्यासाठी मी तो खिडकीकडं तिरपा धरला, तेव्हा ते दिसलं.

'उताणी'च्या रकान्यात बारीक उभ्या रेघा होत्या. शाई नव्हती. नखानं दाबून ओढल्यासारख्या, कागद जरा उचलला गेलेला. प्रत्येक चौकोनात एक. जिथं पेनानं 'डावी'वर खूण होती तिथंही रेघ 'उताणी'तच. सोमवारचे बारा. मंगळवारचे बारा. मी बोटानं चाचपत खाली गेलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. या दिवसांत पेनाची खूण एकही नव्हती. रेघा होत्या. शनिवारी सहा, आठ आणि दहा. त्यापुढं कागद सपाट.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं होती.

आईनंच ओढल्या असतील, असं मी मनाशी म्हणालो. मग आठवलं की तक्ता पायथ्याशी असतो आणि तिला मान उचलता येत नव्हती. आणि शनिवार आज होता. मग म्हणालो, कुणीतरी रिकाम्या हातांनी खेळलं असेल. म्हातारी माणसं करतात असं काही. खोलीतल्या तिघींपैकी एकीलाही स्वतःहून उठून बसता येत नव्हतं.

आमच्या आजोबांनी घरातले देव पोत्यात घालून तेरणेत सोडले, तेव्हापासून आमच्या घराला देव नाही आणि भूतही नाही. आई दिवेलागणीला एकटी स्मशानाच्या वाटेनं रानातून यायची आणि घाबरणाऱ्या बायकांना हसायची. मी शाळेत अंधश्रद्धेवर दर वर्षी मुलांसमोर बोलतो. भाषण चांगलं होतं.

५

चहा आला म्हणून मी ऑफिसात गेलो. उमाशंकर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या रुग्णाबद्दल फोनवर बोलत होता. परत आलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तक्ता खाटेवर ठेवून गेलो होतो, तो तिथंच होता. बाराच्या चौकोनात रेघ होती.

गजराबाई फरशी पुसत होती. हिनंच आईचं सगळं केलं, जे काही केलं ते. पन्नाशीची बाई, कंबरेला पदर खोचलेला. मी तिला तक्ता दाखवला. तिनं हात पदराला पुसले पण कागदाला लावले नाहीत.

तिला वाचता येत नव्हतं. तक्ते साहेब सकाळी बसून भरतात, म्हणाली. मी सरळ विचारलं, आईला दिवसातून किती वेळा वळवायचात? ती पुसत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू का सर, सकाळी पुसायच्या टायमाला एकदा. इथं एकतीस माणसं हायती अन् म्या एकटी. दोन तासाला वळवायचं म्हटलं तर एका टोकाचं संपस्तोवर दुसऱ्या टोकाचं सुरू हुतंय. म्या म्हातारीला म्हनायची, माय, आता कड काढ. ती बिचारी काढायची."

मला तिच्यावर ओरडता आलं नाही.

खाटेकडं मी तोवर नीट बघितलं नव्हतं. चादर धुतलेली, चारी बाजूंनी खोचलेली. पण तिच्यावर मधोमध माणसाएवढा खळगा होता. डोक्याचा, खांद्यांचा, टाचांचे दोन लहान. कंबरेच्या जागी चादर ओलसर आणि पिवळट. गजराबाईनं माझी नजर बघितली आणि आपण होऊन सांगितलं, "तीनदा बदलली म्या चादर. घटकाभरानं बघावं तर पुन्ना तशीच."

मला हसू आलं. खाली हवेची गादी होती, आम्हीच आणून दिलेली. तिच्यात नळ्या असतात, पंप आलटून पालटून त्यांत हवा भरतो आणि गादी जागोजाग वर-खाली होते. खळगा पडणारच. ओल धुतल्याची. मी हे तिला सावकाश, वर्गात सांगतो तसं समजावलं.

तिनं ऐकून घेतलं. मग वाकून खाटेखालून पंप बाहेर ओढला. नळी तुटलेली होती, पिनेवर धूळ बसली होती.

"ह्यो तर दिवाळीपासनं बंद हाय, सर."

एवढं बोलून ती बादली घेऊन बाहेर गेली.

६

मी तेव्हाच निघायला हवं होतं. कागद हातात होता, प्रीतीचं काम झालं होतं. पण मला माणूस पकडायचा होता. कुणीतरी येऊन नखानं रेघ ओढतं, तर दोन वाजता पुन्हा येईल. मी खुर्ची खाटेच्या पायथ्याशी ओढली, तक्ता मांडीवर ठेवला आणि शनिवारच्या दोनच्या चौकोनावर नजर लावली. परीक्षेच्या हॉलमध्ये तीन-तीन तास पापणी न हलवता उभा राहिलेला माणूस आहे मी.

एक वाजता जेवणं झाली. गजराबाईनं तिघींना भरवलं, उताणंच, आणि ती गेली. वीज गेली. पंखा थांबल्यावर खोलीतले आवाज कळायला लागले. हायवेवरचे ट्रक. हॉलमध्ये कुणाचा तरी कफ. स्टेजवर कबुतर चालत होतं, त्याची नखं लाकडावर वाजत होती. भिंतीकडच्या दोघींचे श्वास. कडूबाईंचा श्वास, तोंडानं घेतलेला. मी मोजले. आम्ही चौघं होतो, श्वास पाच होते.

पाचवा माझ्या समोरून येत होता. मी वर बघितलं नाही. चौकोन बघत राहिलो. मला स्वतःचाच श्वास दोनदा ऐकू येतोय, असं ठरवलं. मी श्वास रोखला. तिकडचा चालू राहिला. लांब, मग थांबलेला, मग पुन्हा लांब. ऑगस्टपासून मी तो दर महिन्याला ऐकत होतो.

दोनला एखादं मिनिट कमी असताना चादरीचा आवाज झाला. जखमेला चिकटलेलं कापड सोडवताना होतो तसा. मी वर बघितलं, पापणी लवावी तेवढंच. उशीचा खळगा जरा खोल झालेला होता आणि टाचांपाशी चादर ताणलेली होती. बाकी काही नाही. नजर परत खाली आणली तर चौकोनात रेघ होती, आणि तिच्या कडेचा कागदाचा बारीक तंतू अजून सरळ होत होता.

"दोन वाजले," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नव्हती. छताकडंच बघत होत्या. "वळीव आता तिला."

मी विचारलं, "कुणाला, आजी?"

"कुणाला म्हंजी? तुजी माय न्हाय का ती? मंगळवारपासनं सारखी म्हनतीया, मला जरा कुशीवर करा. ह्या गजरीला ऐकू येत न्हाय. तुला तर येतंय न्हवं?"

मी म्हणालो, आई वारली, आजी.  त्या म्हणाल्या, "तिला करून झालं की मंग मला कर लेकरा. माजीबी पाठ लई पेटलीया."

मी उठलो. तिथं काही नाही, हे स्वतःला दाखवण्यासाठी उठलो. खाटेच्या कडेला वाकलो आणि जिथं खांदा असायला हवा, तिथं उजवा हात घातला.

हात चादरीला टेकला नाही.

मध्ये काहीतरी होतं. गरम, दमट, फार हलकं. खांद्याचं पातं बोटांना लागलं. पलंगावर पडून राहिलेल्या माणसाला आपण उचलायला गेलो, की आपल्याला जड होऊ नये म्हणून ते होता होईल तेवढं अंग स्वतःच उचलून देतं. तसं ते माझ्या हातात उचललं गेलं. वाट बघत असल्यासारखं, लगेच.

मी हात काढून घेतला.

ते पुन्हा खाली टेकलं. श्वास सुटल्याचा आवाज आला. तक्रारीचा नव्हता.

"झालं का?" कडूबाईंनी विचारलं. "मंग मी?"

बाईला पाठवतो, असं मी म्हणालो.

७

गजराबाई आवारात चादरी वाळत घालत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला काही बोललो नाही. ऑफिसात गेलो. उमाशंकरनं तो छापील कागद पुढं केला आणि मी सही केली. त्यानं वेळही टाकायला सांगितली. दोन वाजून दहा मिनिटं, असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आलं होतं. पिशवी घेऊन मी हायवेला उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की तक्ता आत, खाटेवरच राहिला. परत गेलो नाही.

प्रीतीनं विचारलं तेव्हा सांगितलं की तक्ता त्यांनी आधीच फाडून टाकला होता. तिचा विश्वास बसला नाही, पण ती वाद घालायची नाही, एवढं मला माहीत होतं. तिनं नुसता फोटो लावून अर्ज करायचं ठरवलं. अर्जावर मुलगा म्हणून माझी सही लागते. तो दिवाणावर दोन दिवस पडून होता. मग तिनं तो उचलून ठेवला. कुठं, ते मी विचारलं नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. शाळा सुरळीत आहे. हात मी किती वेळा धुतला ते सांगत नाही. घाबरल्यावर माणसाला काहीही जाणवू शकतं, हे मी मुलांना सांगत आलोय आणि ते खरंही असेल. खाटेवर काही नव्हतं असंच धरून चालू. तरी शेजारच्या खाटेवर कडूबाई होत्या. जिवंत, बोलत, हाताच्या अंतरावर, आणि त्यांचं वजन तीस-बत्तीस किलोच्या वर नसेल. एका मिनिटाचं काम होतं.

त्या दुपारी दोन वाजता दोघी मला कुशीवर करायला सांगत होत्या. मी एकीलाही वळवलं नाही.